थंडीने करपलेले झाड मेले, असे कधी म्हणावे?

रात्री तापमान शून्याच्या बरेच खाली उतरले आणि सकाळी ऊन वर आले, की बाग ओळखू येत नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत ताठ असलेली जास्वंदीची पाने उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी गडद, पाणीदार आणि लिबलिबीत होऊन देठापासून लोंबतात. दुपारपर्यंत त्यांच्या कडा काळ्या पडतात आणि दोन दिवसांत सगळे झुडूप आगीची धग लागल्यासारखे करपून जाते. अशा वेळी हात आपोआप कात्रीकडे जातो, कारण मेलेले काढून टाकले की उरलेले लवकर सावरेल असे आपल्याला मनापासून वाटत असते. मात्र झाडाचा कोणता भाग मेला आणि कोणता वाचला, हे त्या दिवशी बाहेरून पाहून सांगता येत नाही. थंडी आपले काम काही तासांत उरकते. तिने नेमके किती नुकसान केले हे कळायला काही आठवडे आणि मोठ्या वृक्षांच्या बाबतीत एखादे वर्षही जावे लागते. तोपर्यंत झाडाकडे कसे पाहावे, हे समजण्यासाठी आधी गोठताना त्याच्या आत काय घडते ते पाहू.

बर्फ होतो कोठे?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते, म्हणून पाण्याने भरलेली पेशी थंडीत बाटलीसारखी फुटते, असे बहुतेकांना वाटते. हे चित्र समजायला सोपे आहे, पण बहुतेक वेळा तसे घडत नाही. पेशीच्या आतील रसात साखर आणि क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे तो शून्य अंशाला गोठत नाही. पेशींच्या मधल्या पोकळ्यांत आणि पेशींच्या भिंतींत असलेले पाणी त्या मानाने बरेच निवळ असते, म्हणून बर्फाचे पहिले कण तेथे तयार होतात. पानांवर वस्तीला असणारे स्यूडोमोनास सिरिंगी नावाचे जिवाणू हे काम सोपे करतात. त्यांच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनावर पाण्याचे रेणू बर्फाच्या मांडणीत बसतात आणि एरवी आणखी काही अंश द्रवच राहिले असते असे पाणी उणे २ अंश सेल्सिअसच्या आसपासच गोठू लागते.

पेशीबाहेर बर्फ झाला, की तो पेशीतले पाणी बाहेर ओढू लागतो. तापमान शून्याखाली जितके अंश उतरते, त्यातील प्रत्येक अंशामागे ही ओढ सुमारे १२ वातावरणांच्या दाबाइतकी वाढते. म्हणजे उणे ५ अंशांना ती जवळजवळ ६० वातावरणांपर्यंत जाते, आणि मोटारीच्या चाकातली हवा दोन-अडीच वातावरणांच्या दाबाची असते हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अंदाज येतो. पाणी निघून गेल्याने पेशी आक्रसते, तिच्यातील रस घट्ट होत जातो आणि तिला वेढणारे नाजूक पेशीपटल आपली घडण गमावते. म्हणून थंडीची इजा ही मुळात कोरडेपणाची, तहानेची इजा आहे. बर्फ पेशीच्या आतच झाला तर ती पेशी हमखास मरते, आणि तापमान फार झपाट्याने घसरले, पाण्याला पेशीबाहेर यायला सवडच मिळाली नाही, तर तसे घडते.

सकाळी बर्फ वितळतो तेव्हा खरे चित्र उघड होते. पेशीपटल शाबूत असेल तर पेशी बाहेरचे पाणी परत घेते आणि पान काही तासांत पूर्ववत होते. कोबी किंवा पॅन्सी पहाटे काचेसारख्या कडक दिसतात आणि दुपारी जणू काही घडलेच नाही अशा उभ्या असतात, त्या यामुळेच. पटल फाटले असेल तर आतला रस पेशींच्या मधल्या पोकळ्यांत झिरपतो आणि पान पाण्यात भिजवून ठेवल्यासारखे दिसते. पेशीत एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारी द्रव्ये आता एकमेकांत मिसळतात, हवेतील प्राणवायूशी त्यांची क्रिया होते आणि चिरलेले सफरचंद तपकिरी पडावे तसे पान काळे पडते. पानाचा काळेपणा एवढेच सांगतो की पानातल्या पेशी मेल्या. ते पान ज्या फांदीवर आहे, तिच्याविषयी त्यावरून काहीच कळत नाही.

तीच थंडी, वेगळा दिवस

एकच झाड एका तारखेला जी थंडी सहज सोसते, तीच दुसऱ्या तारखेला त्याचा जीव घेऊ शकते. सफरचंदाचे झाड ऐन हिवाळ्यात, पूर्ण सुप्तावस्थेत असताना, उणे २५ अंशांतही टिकते. त्याच झाडाची उमललेली फुले मात्र उणे २ अंशांना मरू लागतात आणि उणे ४ अंशांच्या जवळपास बहुतेक सगळी जातात. ऐन हिवाळा येईपर्यंत झाड कणखर होत गेलेले असते. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री हळूहळू थंडावू लागल्या, की झाड पेशींमध्ये साखर साठवते, कोरडेपणात पेशीचे रक्षण करणारी विशिष्ट प्रथिने तयार करते आणि पेशीपटलातील स्निग्ध पदार्थ असे बदलते की ते थंडीतही लवचीक राहावेत. या तयारीला अनेक आठवडे लागतात. मोडायला मात्र ती फार लवकर मोडते: हिवाळ्याच्या मध्येच काही दिवस उबदार गेले, की झाडाला ऋतू पालटल्यासारखे वाटते, त्याच्या पेशींत पाणी चढते आणि कमावलेली सोशिकता निघून जाते.

याचे फार दुःखद उदाहरण फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागांत घडले. डिसेंबर १८९४ च्या अखेरीस तेथे कडाक्याची थंडी पडली, फळे गोठली आणि झाडांची पाने गळून पडली, पण बहुतेक झाडांची खोडे जिवंत राहिली. नंतरचे काही आठवडे उबदार होते, त्यामुळे झाडांत रस चढला आणि त्यांना कोवळी पालवी फुटली. फेब्रुवारी १८९५ मध्ये दुसरी लाट आली, तेव्हा रसाने भरलेल्या खोडांच्या साली फाटल्या आणि बागाच्या बागा जमिनीपर्यंत मेल्या. झाडांचा जीव घेतला तो दुसऱ्या लाटेने, आणि तिला ती संधी मधल्या उबेने दिली. म्हणून कडाक्याच्या थंडीनंतर झाडाला लगेच खत घालून, छाटून, भरपूर पाणी देऊन फुटायला लावणे मला धोक्याचे वाटते. हिवाळा अजून शिल्लक असेल तर ती पालवी कोवळेपणीच बळी जाते आणि तिच्यासाठी झाडाने खर्च केलेला साठाही वाया जातो.

झाडाचा कोणता भाग किती सोसतो

झाडाचे सगळे अवयव सारखे कणखर नसतात. सर्वांत नाजूक असतात ती मुळे; पण माती आणि तिच्यावरचे पालापाचोळ्याचे आच्छादन त्यांना उबेत ठेवते, आणि बर्फाची जाड चादर तर उत्तम दुलईचे काम करते. कुंडीतील झाडाला हे संरक्षण नसते, कारण तेथे थंडी चहूबाजूंनी मुळांपर्यंत पोहोचते. जमिनीत आरामात तगणारे झाड कुंडीत मरते ते याच कारणाने. नुकत्याच लावलेल्या छोट्या रोपांना आणखी एक धोका असतो: माती वारंवार गोठते आणि वितळते तेव्हा तिच्यातील बर्फाचे थर रोपाला वर उचलतात आणि त्याची मुळे उघडी पडतात. अशी रोपे दिसताच हलक्या हाताने खाली दाबून त्यांच्यावर माती आणि आच्छादन टाकावे, हे काम मात्र लांबणीवर टाकू नये.

जमिनीच्या वर फुलांचे डोळे, म्हणजे न उघडलेले अंकुर, पालवीच्या डोळ्यांपेक्षा सहसा नाजूक असतात. म्हणूनच मोठ्या पानांच्या हायड्रेंजिया या फुलझुडपाला थंडीनंतर बुडातून भरघोस फुटवे येतात, पण त्या वर्षी फूल धरत नाही. त्याच्या कळ्या जुन्या काड्यांवर आदल्या हंगामातच तयार झालेल्या असतात आणि त्या थंडीत गेलेल्या असतात. झाडाला काही रोग झालेला नसतो, फक्त एका वर्षाचा बहर हुकलेला असतो.

फांदी किंवा खोड जगते की नाही, हे मुख्यतः सालीच्या लगेच आत असलेल्या कॅम्बियम नावाच्या थरावर ठरते. हा थर जेमतेम काही पेशींइतका पातळ असतो, पण खोडाचे नवे लाकूड आणि नवी अंतर्साल त्यातूनच तयार होते. फळझाडांच्या फांद्यांत पुष्कळदा असे दिसते, की काडी आडवी कापली तर मधले लाकूड थंडीने तपकिरी पडले आहे, पण सालीखालची कडा हिरवी आणि ओलसर आहे. अशी फांदी वाया गेली असे समजू नये, कारण कॅम्बियम जिवंत असेल तर तो जुन्या लाकडाभोवती नव्या लाकडाचे कडे घालतो आणि त्यातून पाण्याची वाट पुन्हा सुरू होते.

झाड काय सांगते ते वाचणे

पहिली खूण पानांतच सापडते, आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. लिंबू-संत्र्यासारख्या सदाहरित झाडांची करपलेली पाने काही दिवसांत आपोआप गळून पडली, तर ते शुभलक्षण समजावे. पान गळण्यासाठी देठाच्या बुडाशी एक विशेष थर तयार व्हावा लागतो आणि तो थर जिवंत पेशीच तयार करू शकतात. म्हणजे पान गळाले याचा अर्थ काडी जिवंत आहे. उलट, तपकिरी पाने वाळून कुरकुरीत होऊनही काडीला आठवडेच्या आठवडे चिकटून राहिली, तर ती काडी पानाबरोबरच मेली असण्याची शक्यता अधिक असते. उघडेबोडके झालेले झाड पाहून जीव कळवळतो आणि पानांनी भरलेले पाहून धीर येतो, पण या प्रसंगी दोन्ही भावना फसव्या ठरतात.

दुसरी परीक्षा नखाची. काडीच्या टोकाजवळ सालीचा अगदी बारीक पापुद्रा नखाने किंवा चाकूच्या टोकाने खरवडावा. खाली ओलसर हिरवा किंवा फिकट पिवळसर हिरवा थर दिसला, तर तेवढा भाग जिवंत आहे. कोरडा, तपकिरी किंवा काळपट दिसला तर मेलेला आहे. टोकाकडून बुडाकडे थोडे थोडे अंतर सोडून असे पाहत गेले, की एका ठिकाणी तपकिरी संपून हिरवे सुरू होते. त्या जागी रंगीत दोरा बांधून ठेवावा, असे मी आवर्जून सांगेन, कारण ही सीमा स्थिर नसते. थंडीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत मेलेली साल देखील हिरवीच दिसते, म्हणून लगेच केलेली परीक्षा खोटी आशा दाखवते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहिले तर हिरवे पुष्कळदा दोऱ्याच्या खाली सरकलेले असते. ही सरकती सीमा थांबण्याआधीच कात्री लावली, तर तीच फांदी दोनदा-तीनदा कापावी लागते.

मऊ खोडाच्या झाडांना ही परीक्षा लागू पडत नाही. केळीचे जे खोड आपण पाहतो ते पानांच्या आवरणांची गुंडाळी असते, आणि तिचे खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. वरचे सगळे काळे पडून कोसळले तरी कंद गोठला नसेल तर माती उबदार झाल्यावर बाजूने नवे कोंब येतात. कर्दळ, आले, हळद यांचेही तसेच. त्यांच्याबाबत निर्णय मातीच्या आत झालेला असतो, आणि शंका असेल तर माती हलकेच बाजूला करून कंद दाबून पाहावा. घट्ट लागला तर जिवंत, पिळपिळीत लागला तर गेला.

ताडाच्या कुळातील झाडांची स्थिती मात्र सर्वांत अवघड असते. त्यांच्या खोडात कॅम्बियम नसतो, त्यामुळे खोडाला झालेली जखम ती भरून काढू शकत नाहीत, आणि बहुतेकांचा वाढीचा बिंदू शेंड्याच्या गाभ्यात एकच असतो. तो बिंदू मेला तर एका खोडाचे झाड संपते, कारण बाजूने फुटायला दुसरा डोळाच नसतो. मधले न उलगडलेले भाल्यासारखे पान हलकेच ओढून पाहावे. ते सहज हातात आले तर गाभ्यात कुजणे सुरू झाले आहे. त्यानंतरही लगेच आशा सोडू नये, कारण बिंदू त्याहून खोल असतो, आणि गाभा कोरडा व स्वच्छ राहिला तर काही महिन्यांनी नवे पान वर येते. पहिली एक-दोन पाने आखूड, वाकडी किंवा अर्धी कातरल्यासारखी दिसली तरी घाबरू नये. थंडी पडली तेव्हा ती गाभ्यात घडत होती आणि तेव्हाची इजा घेऊनच ती बाहेर आलेली असतात.

सूचिपर्णी झाडे वेगळ्या कारणाने तपकिरी पडतात. जमीन गोठलेली असताना मुळे पाणी घेऊ शकत नाहीत, पण ऊन आणि वारा पानांतले पाणी काढून घेतच राहतात, म्हणून झाडाची वाऱ्याकडची बाजू वाळते. अशा फांद्यांचे डोळे पुष्कळदा जिवंत असतात आणि त्यांना नवी पालवी येते. येथे घाईने केलेली छाटणी विशेष महाग पडते, कारण यांतील बहुतेक जातींना पाने नसलेल्या जुन्या लाकडातून पुन्हा फुटवे येत नाहीत.

नवे फुटवे कोठून येतात

फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते खाली वाहत राहून खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवते. शेंडा मेला की हा पहारा उठतो आणि सालीत वर्षानुवर्षे निजून राहिलेले डोळे जागे होतात. त्यामुळेच थंडीने वरून मेलेले झुडूप बुडातून एकदम दहा-बारा धुमारे काढते. जानेवारी १९८५ मध्ये इटलीतील टस्कनीत पडलेल्या थंडीने ऑलिव्हची लाखो झाडे जमिनीपर्यंत मारली, तेव्हा शेतकऱ्यांनी खोडे जमिनीलगत कापली आणि जुन्या गाठाळ बुंध्यांतून नवे फुटवे आले. एका खोडाऐवजी दोन-तीन खोडांची, एकाच बुंध्यातून उठलेली ऑलिव्हची झाडे तेथे दिसतात, ती त्या हिवाळ्याचीच आठवण आहेत.

कलमी झाडांत येथे एक काळजी घ्यावी लागते. गुलाबाचे किंवा लिंबाचे कलम ज्या खुंटावर बांधलेले असते, तो खुंट बहुधा अधिक काटक असतो आणि कलमाचा भाग मेल्यावर तोच जोमाने फुटतो. जोडाच्या गाठीखालून आलेला फुटवा वाढवत राहिलो, तर दोन वर्षांनी झाड भरलेले दिसेल, पण फुले-फळे आपल्या मूळ जातीची नसतील. म्हणून फुटवा गाठीच्या वर आहे की खाली, हे तो बोटभर असतानाच पाहून घ्यावे.

पालवी फुटली म्हणजे झाड वाचले, असेही लगेच धरून चालू नये. पहिली पालवी झाड आदल्या वर्षी साठवलेल्या पिष्टमय अन्नावर आणि फांदीत असलेल्या पाण्यावर काढते, आणि त्यासाठी मुळांपासून शेंड्यापर्यंतची वाट उघडी असण्याची गरज नसते. शिवाय खोडातले पाणी गोठताना त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि वितळल्यावर तिचे बुडबुडे जलवाहिन्यांत अडकून त्या बंद पाडतात. द्राक्षवेल वसंतात मुळांच्या दाबाने पाणी वर रेटून हे बुडबुडे दूर करते, म्हणून तेव्हा छाटलेल्या वेलीच्या टोकांतून पाणी ठिबकते. इतर अनेक झाडांना कॅम्बियमने नव्या वाहिन्या तयार करण्याचीच वाट पाहावी लागते. तेवढ्यात उन्हाळ्याचा पहिला कडक दिवस आला आणि खोडातील कॅम्बियम मेलेला असला, तर हिरवेगार दिसणारे झाड दोन-तीन दिवसांत कोमेजून जाते.

मग करायचे काय

काही गोष्टी लगेच करायच्या असतात. मऊ, रसाळ, कुजून वास मारणारा भाग लगेच काढावा, विशेषतः कोरफड, निवडुंग आणि कंदवर्गीय झाडांचा, कारण कूज खालच्या निरोगी भागात उतरते. कुंडीतील झाड आडोशाला न्यावे, पण थेट तापलेल्या जागेत नेऊ नये. लाकडी खोडाच्या झाडांवरची करपलेली पाने आणि काड्या मात्र राहू द्याव्यात. पुढच्या थंड रात्रीत त्या खालच्या जिवंत भागावर पांघरुणासारख्या राहतात.

पाण्याबाबत सर्वांत जास्त चूक होते. पाने गेलेल्या झाडातून बाष्पीभवन फारच कमी होते, म्हणून त्याला पूर्वीइतके पाणी लागत नाही, आणि दुखावलेली मुळे साचलेल्या पाण्यात लवकर कुजतात. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे आणि ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. खत, विशेषतः नत्राचे, नवी पाने पूर्ण उलगडेपर्यंत देऊच नये. पाने गळून खोड अचानक उन्हात उघडे पडले असेल, तर पाण्यात मिसळणारा पांढरा रंग तितक्याच पाण्यात कालवून खोडाला लावावा, म्हणजे साल भाजून निघत नाही.

छाटणी शेवटची. थंडीच्या लाटेची शक्यता संपली, नवे फुटवे बोटभर झाले आणि दोऱ्याची सीमा खाली सरकायची थांबली, की जिवंत फुटव्याच्या थोडे वर कापावे. बुडातून आलेल्या धुमाऱ्यांतून त्याच हंगामात एकदम निवड न करता पहिले काही महिने सगळ्यांना वाढू द्यावे, कारण मुळांना पोसण्यासाठी तेव्हा प्रत्येक पान लागते; चांगले तीन-चार पुढच्या हिवाळ्यानंतर निवडून ठेवले तरी चालतात. मेलेली साल ज्या जागी सुटून निघते, तिच्या कडा अधूनमधून पाहत जावे. तेथे जिवंत बाजूने मऊ, गोलसर वळकटीसारखी नवी साल आत सरकताना दिसली, तर कॅम्बियम कामाला लागला आहे असे समजावे, आणि त्या जखमेवर काहीही न लावता ती तशीच मोकळी ठेवावी.